उभं राहून ऐकलेली गाणी

बाई, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि तुमच्याशी भांडायचं राहूनच गेलं. आज भांडते. मागच्या शनिवारी मी मुंबईतल्या त्या नावाजलेल्या सभागृहात दुसऱ्यांदा जाऊन आले, रॉक गाणारे लोक ऐकायला. हो, तीच ती गाणी, ज्यांना तुम्ही भर वर्गात थेरं म्हणाला होतात. मी अजून एसटीतच आहे, हिंगोली डेपोला कंडक्टर. गुडघे दुखतात, निम्मे केस पिकलेत. तरी रजा टाकून, रेल्वेत बसून, एकटी गेले. आणि जमेल तेव्हा पुन्हा जाणार आहे.

नववीतली गोष्ट आहे. माझा मामा ट्रक चालवायचा. त्याच्या ट्रकात कुणीतरी विसरलेली एक कॅसेट त्यानं मला दिली. तिच्यावर नाव नव्हतं, कागद नव्हता. आमच्या तांड्यावर टेप आमच्याच घरी होता. आई भाकरी थापायची आणि मी चुलीशेजारी बसून ती कॅसेट लावायची. एक माणूस घसा फाडून गातोय, मागे गिटार किंचाळतेय, आणि मला एक शब्द कळत नाही. पण मला रोज ज्या गोष्टींचा राग यायचा आणि बोलता यायचं नाही, त्या सगळ्यांवर हा माणूस माझ्या वतीनं ओरडतोय असं वाटायचं. सगळ्यात आवडतं गाणं कॅसेटच्या एका बाजूच्या शेवटी होतं. ते अर्ध्यात यायचं आणि टेप खटकन बंद पडायचा. उरलेलं गाणं कसं असेल, याचा मी शेतात खुरपतानासुद्धा विचार करायची.

ती कॅसेट मी मैत्रिणीला दाखवायला सेनगावच्या शाळेत आणली आणि तुमच्या हाती लागली. तुम्ही बोटानं तिची फीत ओढून काढलीत, सगळ्या वर्गासमोर. "तांड्यावरच्या पोरीला असली थेरं शोभतात का? इंग्रजीचं एक वाक्य धड येत न्हाई, अन् गाणी इंग्रजी ऐकून राहिली!" वर्ग हसला. मी रडले नाही, हे तुम्हाला आठवत असेल. तुम्हाला ते आवडलं नव्हतं.

आणि त्याच रविवारी तुम्ही उन्हातून चालत आमच्या तांड्यावर आलात. बानं माझी सोयरीक ठरवत आणली होती. तुम्ही आमच्या चुलीजवळ पाटावर बसलात, आईनं दिलेला गुळाचा चहा प्यायलात आणि बाला म्हणालात, "दहावी होऊ द्या तिची. पोरगी हुशार हाय."

बा म्हणाला, "शाळेत काय शिकून राहिली ते कळलंय मला. गाणी!"

"ती कॅसेट म्या तोडली. आता तसलं काही न्हाई तिच्याजवळ."

बा म्हणाला, "दहावीपर्यंत. म्होरं न्हाई." तो शब्द पुढे बारावीपर्यंत ताणला गेला आणि त्यातून ही नोकरी आली. निघताना दारात तुम्ही मला हळूच म्हणालात, "तुझा बाप निमित्त शोधून राहिला. तू काहून त्याला निमित्त देती?" म्हणजे तुम्ही कॅसेट माझ्यासाठीच तोडलीत, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला समजावत होते. खरंही असेल. मी तुमची भाकर खाते, हे मी नाकारत नाही. पण बाई, कॅसेट कपाटात ठेवून कुलूप लावता आलं असतं. बाला खोटं सांगता आलं असतं. आणि शोभतं का हा प्रश्न बाचा नव्हता, तुमचा होता.

तुम्ही गेल्यानंतरची गोष्ट. वाशीमची गाडी होती. हट्टा गावची एक पोरगी पुढच्या सीटवर, नर्सिंगला शिकणारी, मोबाइलवर मोठ्यानं गाणं लावून बसलेली. आवाज कमी कर म्हणून सांगायला गेले आणि तिथेच दांडा धरून उभी राहिले. तेच गाणं. जिथं कॅसेट संपायची ती जागा आली, आणि गाणं थांबलं नाही. ते पुढे गेलं! मी घंटी मारायची विसरले, कनेरगाव नाका मागे पडला, मागची माणसं ओरडायला लागली, "ओ बाई, उतरायचं होतं आमाला!" ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मी सगळ्यांची माफी मागितली आणि त्या पोरीला म्हणाले, "पुन्हा लाव." ती बघतच राहिली. "मावशी, तुम्ही ऐकता हे?" तिनंच मला त्या गाणाऱ्यांचं नाव सांगितलं, माझा नंबरही घेतला. पुढे दोन-अडीच वर्षांनी ते मुंबईला येणार आहेत हेही तिनंच कळवलं आणि तिकीटही माझ्या मोबाइलवर तिनंच काढून दिलं.

पहिल्यांदा गेले तेव्हा दारावरचा माणूस म्हणाला, "काकू, कामवाल्यांचं गेट मागच्या बाजूला आहे." मी मोबाइल पुढे धरला. "मी रोज लोकांची तिकिटं बघते. आज तुम्ही माझं बघा." त्यानं बघितलं आणि आत सोडलं, सॉरीसुद्धा म्हणाला. आत गालिचा, लाकडी भिंती, आणि शोकसभेला आल्यासारखी गप्प बसलेली माणसं. ते गाणारे आता म्हातारे झाले होते. गिटारवाला स्टुलावर बसून वाजवत होता, गाणाऱ्याचा घसा पूर्वीसारखा फाटत नव्हता. पण माझं गाणं सुरू झालं, ती जागा आली, आणि मी उभी राहिले. ठरवलं नव्हतं. मागून आवाज आला, "आंटी, बैठ जाइए, दिख नहीं रहा." आणि मी बसले, बाई. तुमच्या वर्गात बसायची तशी, मान खाली घालून. गाण्याचा शेवट मी स्वतःच्या मांडीकडे बघत ऐकला. परतीच्या गाडीत हिंगोलीपर्यंत मला स्वतःचाच राग येत होता.

म्हणून या वेळी शेवटची रांग घेतली, भिंतीजवळची. एक सत्तरीची बाई गाणार होती, केस विस्कटलेले, आवाज खरखरीत, दम लागला की सरळ थांबून पाणी पिणारी. ती पहिल्या गाण्याला आली आणि मी उठून भिंतीला टेकून उभी राहिले. तिथली एक मुलगी बॅटरी घेऊन आली. "मॅडम, प्लीज सीटवर बसा."

"मी कुणाच्या आड येते का?"

"नाही, पण इथे बसूनच ऐकतात."

"मी दिवसभर चालत्या गाडीत उभी असते. मला उभं राहून ऐकायचंय. तुमच्या साहेबाला बोलवायचं तर बोलवा."

ती गेली. साहेब कुणी आला नाही. मी दोन तास उभी होते. पाय आपटले, डोकं हलवलं, शब्द येत नव्हते तिथं नुसता सूर ओरडले. शेजारचा एक काठीवाला म्हातारा एका गाण्यापुरता माझ्याबरोबर उभा राहिला, मग "बस, बेटी, मेरा हो गया" म्हणून खाली बसला. शेवटी टाळ्या वाजवायला सगळं सभागृह उठलं, तेव्हा मी खुर्चीत बसले. पाय खरंच दुखत होते. शोभलं का मला? शोभलं, बाई. चांगलं शोभलं.

आता एवढं भांडल्यावर एक सांगायला पाहिजे. हे पाठवायला पत्ता नाही म्हणूनच ते लिहायची हिंमत होते आहे. मी नोकरीला लागले त्या वर्षी तुम्ही सेनगावला माझ्या गाडीत चढलात. मी खाकीत होते. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत आणि विचारलंत, "ते गाण्याचं याड गेलं का डोक्यातनं?" त्या सकाळी स्टँडवर गाडी लागेपर्यंत मी तेच अर्धं गाणं गुणगुणत होते. मी म्हणाले, "कवाच गेलं, बाई." तुम्ही माझ्या हातावर थोपटलंत आणि हसलात. मी खोटं बोलले, कारण मला ते हसू पाहिजे होतं.