दुसरा ब्रेक

प्रिय बाबा,

वडिलांना तीर्थरूप लिहायचं असतं, एवढं शाळेतलं डोक्यात राहिलंय. पण तो शब्द लिहिला की पत्र दुसऱ्याच कुणीतरी लिहिल्यासारखं वाटतं, म्हणून प्रिय. फोनवर तुम्ही म्हणालात, "तू फोनवर सगळ्याला हो हो करतोस. नीट बसून लिही. पांढरी का निळी, ते सांग. कागदावरचं नको, बुडाला काय कळलं ते सांग." आता बसलोय. आज सुट्टी आहे. लंबूने खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधून शर्ट वाळत घातलेत, त्यातला एक माझ्या डोक्यावर ठिबकतोय. लंबू म्हणजे माझ्या खोलीतला तो उंच पोरगा, ज्याचं डोकं प्रत्येक छोट्या गाडीच्या छताला लागतं. इथले साहेब छत किती उंच ठेवायचं ते ठरवताना आधी लंबूला आत बसवतात. तो म्हणतो, माझ्या टकलाची कंपनीला गरज आहे.

तुम्ही सगळ्यांना सांगता की पोरगा गाड्यांच्या कंपनीत आहे, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी गाड्या बनवतो. आमचं काम उलटं आहे. आम्ही गाड्या दमवतो. नवी कोरी गाडी द्यायची आणि तिला लवकरात लवकर म्हातारी करून परत द्यायची. एक दगडांचा रस्ता आहे, एक पाण्याचा खड्डा, एक चढ, एक मोठं गोल मैदान. त्यावरून दिवसभर फिरायचं. माणसं बसवत नाहीत, माणसांच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या सीटवर पट्टा लावून बसवतात. पहिल्या आठवड्यात मी त्या पिशव्यांशी बोलायचो. आता बोलत नाही. टायरचं दुकान सोडलं, पार्सलचं काम सोडलं, हॉटेल तर महिनाभरात सोडलं, आणि तुम्ही म्हणायचात की याचं बूड कुठे टेकत नाही. इथे टेकलंय, पण ते सारखं हलतं म्हणून टेकलं असेल.

तर त्या दोघी. कंपनीला शिकवणीच्या गाड्या विकायच्या आहेत, म्हणून एक आमची आणि एक दुसऱ्या कंपनीची अशा दोन आणल्या. दोन्हींवरची नावं टेप लावून झाकलेली. दोन्हींना शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक बसवलेला. मी पहिल्यांदा दार उघडलं, तो जादाचा पेडल बघितला आणि मला आपल्या ड्रायव्हिंग शाळेच्या जुन्या गाडीचा वास आला. त्याच दिवशी फोनवर तुम्हाला सांगून बसलो. सांगायला नको होतं. तुम्ही तेव्हापासून दुसरं काही बोलतच नाही.

पांढरीचं स्टिअरिंग एका बोटावर फिरतं. मागे घेताना, अरुंद गल्लीत वळवताना नवशिक्याला देवच भेटल्यासारखं वाटेल. पण जरा वेग घेतला की हातात काही उरत नाही. चाक कुठे आहे, रस्ता कसा आहे, काही वर येत नाही, नुसती परात धरून बसल्यासारखं. वळणावर बाहेरच्या बाजूला कलते आणि कलल्यावर थोडा विचार करते. निळीचं स्टिअरिंग जड आहे. बायका तक्रार करतील, तुमच्यासारखे मास्तर खूष होतील, कारण खडा आला तरी हाताला कळतो. वळणावर ती खाली बसते आणि बसूनच जाते. मात्र तिच्या स्प्रिंगा कडक. मागे बसलेल्याचे दात वाजतात. पिशव्या बिचाऱ्या काही बोलत नाहीत.

क्लच पांढरीचा चांगला. तुम्ही ज्याला अर्धा क्लच म्हणता आणि ज्यावर तुमच्या शिष्यांची अर्धी जिंदगी गेली, तो तिथे लांबलचक आहे, सापडतोच. निळीचा वर टोकाला आहे. पाय जरा सुटला की गाडी उडी मारते आणि बंद. पांढरीचं इंजिन थांबल्या जागी थरथरतं, नवशिक्याला वाटतं बिघडली. निळीचं इतकं शांत की लंबूने चालू गाडीला परत चावी मारली आणि अख्खं मैदान वळून बघायला लागलं. पुढच्या काचेच्या कडेचा खांब दोन्हींचा जाड आहे. त्यामागे सायकलवाला अख्खा लपतो. तुम्ही "मान पुढे काढ, मान मोडत नाही" असं ओरडायचात, ते दोन्हींत ओरडावं लागेल.

आता दुसरा ब्रेक. पांढरीत तिथे खाली हवेची नळी आडवी आलीय, म्हणून दुसऱ्या पेडलपासून खऱ्या पेडलपर्यंत तार वळवून नेलीय. दाबला की आधी तार ताणते, मग गाडी ऐकते. ओल्या स्पंजावर पाय दिल्यासारखं. निळीत सरळ लोखंडी दांडा आहे. तुम्ही दाबलं की तिने दाबलं, मधे कुणी नाही. मी साहेबांना ठासून सांगितलं की निळी लवकर थांबते. मग त्यांनी यंत्र लावून मोजलं. पांढरी आधी थांबत होती. पेडल मऊ असला तरी तिचे टायर आणि ब्रेक चांगले, आणि निळी नुसती थांबल्यासारखी वाटते, कारण झटका देते. साहेब हसले नाहीत, उलट म्हणाले, असं सगळ्यांनाच वाटतं. पण बुडाला जे शंभर टक्के कळलं होतं ते खोटं निघालं. मला तर वाटलेलं की माझ्याकडे तेवढंच एक आहे.

आईचा फोन येतो तेव्हा ती तुमच्याबद्दल चांगलंच सांगते. अंगावरून वारं गेलं तेव्हा डॉक्टरांनी उजव्या बाजूचं जे सांगितलं होतं त्यापेक्षा तुम्ही पुष्कळ पुढे आलात, म्हणते. जिना उतरता, दाढी डाव्या हाताने करता, हनुवटीखाली राहते ती आई करून देते. टेबलाखाली लाकडाची फळी टेकवून तुम्ही खिडकीतून रस्ता बघत बसता आणि समोर गाडी आली की उजव्या पायाने फळी दाबता, हेही सांगितलं. हे सांगताना हसली. मग मी उगाच विचारलं की नीट दाबतात का. तिकडे तिने भांडी आवरायला घेतली. मग म्हणाली, "उजवी चप्पल मागे राहते आणि ते पुढे जातात. मी मागून उचलून आणते आणि पलंगापाशी ठेवते. त्यांना कळत नाही, आणि मी सांगत नाही." बाबा, मला तिने हे तुम्हाला सांगायला बंदी केली नव्हती. दूधवाला आला म्हणून तिने फोन ठेवला.

त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. मी लंबूला म्हटलं, आपण एक करून बघू. मैदानाच्या टोकाला रिकाम्या खोक्यांची भिंत असते, चुकलेल्या गाडीसाठी. जेवणाच्या सुट्टीत लंबूला चालवायला बसवलं आणि मी तुमच्या सीटवर बसलो. आधी उजवा पाय अंगाखाली घेऊन, लाकूड होईपर्यंत त्याच्यावर बसून राहिलो. मुंग्या येतात त्याच्याही पुढे, जेव्हा चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो. लंबूला म्हटलं, तू ब्रेकला हात लावायचा नाहीस, पाय लावायचा नाहीस. तो म्हणाला, तू वेडा आहेस, पण चल. पहिली निळी. खोकी जवळ आली, मी दाबला. बाबा, मी दाबला. मांडीला कळलं, कमरेला कळलं, मी सीटमध्ये मागे रेटला गेलो. आणि गाडी तशीच खोक्यांत घुसली. खाली बघितलं तर पाय पेडलच्या शेजारी, नुसत्या पत्र्यावर, जीव खाऊन दाबत होता. लंबूने पुढच्या काचेवर खोक्याची झाकणं बघितली आणि म्हणाला, ब्रेक गेला वाटतं. मीही क्षणभर हेच म्हणणार होतो. मग पांढरीतही केलं. या वेळी पाय पेडलवर होता, पण उशिरा आला आणि कडेवरून घसरला. पुन्हा खोकी. कुठली जास्त आत घुसली ते यंत्राने मोजता आलं असतं. मोजायला कुणी थांबलं नाही. पहारेकऱ्याने बघितलं होतं आणि दुपारी साहेबांनी दोघांना बोलावलं. लंबूला समज देऊन सोडलं, त्याच्या टकलाची अजून गरज आहे. मला गाडीवरून काढून धुलाईवर टाकलंय. आता दोघी माझ्याकडे फक्त चिखल घेऊन येतात. हे आईला सांगू नका, तिला वाटतं मी अजून चालवतो.

म्हणून आता पांढरी का निळी ते लिहायचं तर मला लिहिता येत नाही. वाऱ्यातून उठल्यावर तुम्ही परत शिकवायला बसलात, बेकरीवाल्याची सून तुमच्याकडे शिकायला आली, गोदामाच्या भिंतीवर गाडी गेली, तिचं खांद्याचं हाड मोडलं, आणि तुम्ही तेव्हापासून सगळ्यांना सांगता की जुन्या गाडीचा ब्रेक फेल झाला, म्हणून नवी, चांगल्या ब्रेकची घ्यायची आणि शाळा परत सुरू करायची. गॅरेजवाल्या मेस्त्रीकाकांनी ती गाडी उघडली होती. तुम्हाला ते म्हणाले की ब्रेकची नळी फुटली होती. मी त्यांना फोन करून करून खरं काढलं. नळी फुटली नव्हती, बाबा. तेल भरलेलं होतं, पट्ट्या चांगल्या होत्या, दोन्ही पेडल लागत होते. काका म्हणाले, "इतकी वर्षं त्या माणसाने सीटवर बसून गाव वाचवलं, त्याच्या तोंडावर मी कसं सांगू, तू सांग." आईला जमत नाही, काकांना जमत नाही, आणि बेकरीवाल्याची सून गळ्यात पट्टी बांधून तुम्हालाच विचारायला आली होती की मास्तर, तुम्हाला लागलं नाही ना. तिलाही माहीत नाही. म्हणजे उरलो मी, आणि मी फोनवर सगळ्याला हो हो करतो, म्हणून हे लिहिलं. तुम्ही खोटं बोलत नाही आहात, ते मला त्या खोक्यांत कळलं. तुम्ही दाबलात, तुम्हाला आतून पक्कं कळलं की दाबलात. ब्रेक फेल झाला नव्हता. पांढरी नको, निळी नको, त्या सीटवर आता बसू नका. त्याच्याऐवजी दिवसभर काय करायचं, असं तुम्ही विचाराल, आणि मी आठवडाभर गाड्या धुताना तेच शोधतोय, मला काही सापडलेलं नाही. इकडे या म्हणावं तर इथे खोलीत पाय पसरायला जागा नाही, आणि मी तिकडे येऊन तुमच्यासमोर बसलो तर हे सगळं मागे घेईन. हे वाचून तुम्ही फोनवर यायचं बंद कराल, तेही धरून चाललोय. आई उचलेल आणि म्हणेल, झोपलेत.

तुमचाच, हे तुमच्या तोंडावर सांगता न आलेला,
मुलगा