रिकाम्या खुर्चीतली आई

फरीदाबाद

ती. प्रमोदिनीताईस नमस्कार,

आम्ही ठीक आहोत. भावोजी गुडघ्याला तेल लावतात, की बाटली नुसती उशाशी ठेवतात?

क्षिप्राची काळजी करू नकोस. ऑफिसात एक चूक झाली की माझी ही लेक दिवसभर जेवत नाही, ‘मी बिनकामाचीच’ म्हणते. म्हणून स्कीमा थेरपी घेते आहे. लहानपणी मनात घट्ट बसलेले असले समज शोधून मोडायचे, असं ते शास्त्र. म्हणजे संशयित कोण, ते तुला कळलंच असेल.

तिथल्या बाईंनी समोर रिकामी खुर्ची ठेवली. म्हणाल्या, "इथे आई बसली आहे, बोल." आणि ही तासभर बोलली! मी जिवंत असताना?

काल ती पुन्हा उपाशी होती. मी खुर्ची ओढून समोर बसले. म्हटलं, "खरी आई आली आहे. बोल."

"आई, ती खुर्ची मध्येच बोलत नाही."

मग मी ओठ मिटले. दोनदा जीभ वळवळली, पण आवरली. ती बोलली, रडली आणि उठून दोन पोळ्या जेवली.

त्या बाईंवर माझा अजूनही विश्वास नाही. खुर्ची मात्र मी जागची हलवलेली नाही.

तुझी,
गिरिजा