दुभाष्याचे तीन प्रश्न

प्रिय वहिनी,

पाकिटावर माझं अक्षर पाहूनच तुला शंका येईल. मी फोन करणारी, फार तर दोन ओळी टाइप करणारी. हातानं चार पानं लिहिलीत म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू न वाचताच ओळखशील. ओळख. पण पानं क्रमानं वाच. रहस्यकथेचं शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला माहीत आहे.

घरी सगळे बरे आहेत. आईचा गुडघा आता जिना चढू देतो, पण ती ते कबूल करत नाही, कारण मग दळण आणायला तिलाच जावं लागेल. दादा शनिवारी तुझ्या माहेरी येतो आणि परतल्यावर दोन दिवस कुणाशी नीट बोलत नाही. आई रोज विचारते, "ती कधी येणार?" दादा म्हणतो, "येईल." मग दोघंही माझ्याकडे बघतात. मला त्या बघण्याचासुद्धा संशय येतो. दोघांना काही कळलंय आणि मला सांगत नाहीत, असं वाटत राहतं. गेलं वर्षभर मी अशीच जगतेय.

तुझा खेळ मी पहिल्यांदा पाहिला तो तुझं लग्न होऊन दोन महिने झाले तेव्हा. जेवणाच्या टेबलाभोवती पाच मोठी माणसं, समोर कागद, झिजलेल्या पेन्सिली आणि वीस बाजूंचा तो विचित्र फासा. कुणी योद्धा झालेलं, कुणी वैद्य, कुणी चोर, आणि तू सूत्रधार म्हणून गोष्ट पुढे नेत होतीस. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हे खरंच खेळतायत, की कसला कट शिजतोय?" त्या दिवशी मी दुभाष्याचं पात्र घेतलं, कारण ते कुणालाच नको होतं. हातात शस्त्र नाही, अंगात बळ नाही. चकमक सुरू झाली की समोरच्याला तीन प्रश्न विचारायचे. फासा चौदाच्या वर पडला तर त्यानं खरं उत्तर दिलंच पाहिजे. मी दरोडेखोराला विचारलं, "तुला घरी कोण आहे?" तू त्याच्या म्हाताऱ्या बापाची अशी काही गोष्ट रचलीस की योद्ध्यानं आपणहून तलवार म्यान केली. अकरा वर्षं झाली त्याला.

म्हणून आमच्या कंपनीला टेबलावरचा एखादा खेळ संगणकावर आणायचा होता तेव्हा मी तुझी नोंदवही मालकांसमोर ठेवली. तू नियम सांगायचेस, मी ते यंत्राला समजतील असे लिहायचे. शेजारी शेजारी टेबलं. आपण किती भांडलो. टेबलावर सूत्रधार असतो, तो वेळ बघून गोष्ट वाकवतो. संगणकात सूत्रधार नसतो, तिथे मी असते, आणि खेळणारा काय काय करेल ते मला आधीच लिहून ठेवावं लागतं. फासा वाईट पडला की लोक मागच्या टप्प्यावर जाऊन पुन्हा टाकतात, असं मी सांगितलं तेव्हा तू आठवडाभर घुश्शात होतीस. "मग नशिबाला अर्थ काय? मेलेला मेलाच पाहिजे," म्हणत होतीस. वैद्याच्या एका औषधासाठी तू मालकांशी दीड तास वाद घातलास आणि जिंकलीस.

आणि मग ती बैठक. दुभाष्याला एकट्या दुसऱ्या टप्प्यातच नऊशे बारा उत्तरं लागत होती, मी स्वतः मोजली होती. मालक म्हणाले, "दुभाष्या काढा, त्याच्या जागी तिरंदाज घाला." मी तुझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही ऑफिस डोक्यावर घेणार. तू म्हणालीस, "बरं." आणि नोंदवही मिटलीस. वहिनी, त्या 'बरं'ला माझ्या मनात पाल चुकचुकली.

संशयाला एकदा खाऊ घातलं की तो दारातून हलत नाही. मी बघू लागले. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तू नोंदवही पिशवीत घालून बाहेर जायचीस आणि दोन तासांनी यायचीस. मालकांना दाताचा डॉक्टर सांगितलास, आईला वाचनालय. तुझा फोन टेबलावर पालथा राहू लागला. सगळे चहाला गेले की तू दुभाष्याची पानं छापायचीस, काढून टाकलेल्या पात्राची पानं, आणि आपली चाचणीवाली ती टाचून द्यायची. ती तुझी डब्याची जोडीदार. दिवसभर खेळ खेळून माझ्या चुका शोधणारी ती बाई मला आधीच आवडत नव्हती. मी जवळ गेले की तुम्ही दोघी हवापाण्यावर बोलू लागायच्यात.

एका मंगळवारी मी तुझ्या मागोमाग आले. लाज वाटते लिहायला, पण आले. दोन गल्ल्या पलीकडे कोपऱ्यावरचं ते कॉफीचं दुकान. आत तू, आणि समोर पांढऱ्या दाढीचा एक माणूस. तू बोलत होतीस, तो एका फायलीत लिहून घेत होता. मधेच त्यानं फासा टाकला आणि तुम्ही दोघं हसलात. इतकं मोकळं हसताना मी तुला आमच्या ऑफिसात कधी पाहिलं नव्हतं. मी समोरच्या चष्म्याच्या दुकानात उभी राहून एकामागून एक चष्मे लावत होते. दुकानदारानं विचारलं, "नंबर किती?" मी पुढचा चष्मा डोळ्यांवर चढवला.

त्यानंतर पाच आठवड्यांनी दुसऱ्या एका कंपनीनं नव्या खेळाची जाहिरात केली. त्यात 'मध्यस्थ' नावाचं पात्र. न लढणारं. शत्रूला तीन प्रश्न विचारणारं. मी ती ओळ सात वेळा वाचली. त्याच शुक्रवारी दुपारी मालकांनी तुला आत बोलावलं. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की तू नियम बाहेर देतेस. छपाईच्या नोंदी निघाल्या, मंगळवार निघाले, दातांचा डॉक्टर खोटा निघाला. मालकांनी विचारलं, "कुणाला भेटत होतात?" तू म्हणालीस, "ते मी सांगणार नाही." साडेतीनला तू चहाचा मग, फाशांची पिशवी आणि पायाखालचं ते छोटं स्टूल घेऊन लिफ्टपाशी उभी होतीस. मी दार धरून ठेवलं होतं. तू मला काहीच विचारलं नाहीस. मला तेव्हा वाटलं, चोराच्या मनात चांदणं. घरी तू दादाला एवढंच म्हणालीस की थोडे दिवस बाबांकडे राहते, आणि गेलीस.

गेल्या महिन्यात त्या दुसऱ्या कंपनीचा खेळ बाजारात आला. मी सुट्टी काढून सकाळी आठ ते संध्याकाळी पाच तो खेळले, हातात वही घेऊन, तुझी चोरी पकडायला. काही सापडलं नाही. त्यांच्या मध्यस्थाला फासा नाही, तयार यादीतला एक प्रश्न निवडायचा, उत्तर नेहमी एकच. तुझ्या नियमांचा त्यात मागमूस नाही. नुसता तीन हा आकडा जुळला होता. तरी माझं मन म्हणत होतं, चोर हुशार आहे, पुसून टाकलं असेल.

मग गेल्या बुधवारी तो पांढऱ्या दाढीचा माणूस ऑफिसच्या दारात आला आणि तुझं नाव घेऊन चौकशी करू लागला. मी त्याला बाजूच्या खोलीत नेलं. माझ्या आवाजात दरारा होता, त्याला बिचाऱ्याला वाटलं मीच मालकीण. तो म्हणाला, "मी वाचा-उपचार करतो. पक्षाघातानं ज्यांची वाचा गेली त्यांना पुन्हा बोलायला शिकवतो. त्या आमच्याकरता त्यांचा दुभाष्या सोपा करून देत होत्या. आठ पेशंट टेबलाभोवती बसतात, फासा टाकतात, आणि प्रश्न विचारायलाच लागतो म्हणून शब्द शोधतात. आता सात महिने त्या आल्या नाहीत, फोन घेत नाहीत. पेशंट विचारतात, मी काय सांगू?" एक शिंपी होते म्हणे, तीन वर्षांत 'हो' आणि 'नाही' यापलीकडे गेले नव्हते. त्यांनी तुझ्या खेळातल्या राक्षसाला विचारलं, "जेवलास का?"

तुझे बाबा आजारपणानंतर दोन वर्षं मुके होते, आणि तू रोज समोर बसून त्यांना प्रश्न विचारायला लावून बोलतं केलंस, हे मला ठाऊक होतं. दुभाष्या तिथून आला, हे मी कधी विचारलंच नाही. तो माणूस गेल्यावर मी तुझा करार काढून वाचला. त्यात लिहिलंय की जे पात्र खेळात वापरलं जाणार नाही ते, आपला खेळ बाजारात आल्यावर, लेखिकेकडे परत जाईल. म्हणून तू 'बरं' म्हणालीस. आमच्यासाठी दुभाष्या निरुपयोगी झाला आणि त्या पेशंटना मिळणार होता. तू फक्त काही महिने घाई केलीस. मालकांना सांगितलं असतंस तर त्यांनी तिकडचं सगळं थांबवलं असतं. मला सांगितलं असतंस तर मला त्यांच्याशी खोटं बोलावं लागलं असतं. तू मला त्यातून वाचवत होतीस, आणि मी चष्म्याच्या दुकानात उभी होते.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण दादा आहे. परवा तो सहज बोलून गेला, "तिला वाटतं, चाचणीवालीनंच दगा दिला. पानं टाचून देणारी तीच होती. तिच्याशी बोलणंच टाकलंय तिनं." ती बाई ऑफिसात एकटी जेवते, वहिनी. डबा उघडते आणि तसाच मिटते. तिनं कुणाला काही सांगितलं नाही. मालकांनी तिला दोनदा बोलावलं, तरी तिनं तोंड उघडलं नाही. सांगितलं ते मी. त्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला, माझ्या पायांनी चालत आत जाऊन, मंगळवारांची यादी टेबलावर ठेवून. आज मी मालकांना झालेलं सगळं लेखी दिलं आहे, दादाला आणि आईला हे पत्र तुझ्या हाती पडलं की सांगणार आहे. त्यांच्याकडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं. तू चाचणीवालीला फोन कर. आजच कर. मला नाही केलास तरी चालेल.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेली,
तुझी नणंद