कोठारातला राखणदार

बाई, तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. दिवाळीला एक फोन करायचे, तोही घाईत. आज लिहायला बसले आहे, कारण जे झालं ते सांगावं असं दुसरं माणूस मला इथे जपानमध्ये सापडत नाही. घरात म्हणतात, त्यात काय एवढं. तुम्ही तसं म्हटलं नसतंत.

आम्ही त्सुकुबा शहराच्या कडेला एका जुन्या शेतघरात भाड्याने राहतो. नवरा संशोधन संस्थेत आहे, मी अर्धा दिवस एका शाळेत इंग्रजी शिकवते, मुलगी आठ वर्षांची. घरामागे जाड मातीच्या भिंतींचं कोठार आहे आणि त्याच्या पलीकडे छोट्या घरात आमच्या घरमालकीण आजी एकट्या राहतात. त्या मला ‘ओकुसान’ म्हणतात, आपण वहिनी म्हणतो तसं. आम्ही सामान लावत होतो त्या दिवशीच येऊन त्यांनी सांगितलं होतं, “कोठारात एक मोठा साप आहे. विषारी नाही. मी लग्न होऊन आले तेव्हाही असाच एक होता. घर राखतो तो. त्याला राहू द्या.” नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मला मात्र बरं वाटलं, कारण हे सगळं मी तुमच्या स्वयंपाकघरात ऐकलेलं होतं.

तुमच्याकडे नागपंचमी होती. तुम्ही आम्हाला कॉलेजात जर्मन शिकवायचात, पण जीव रमायचा तो युरोपातल्या जुन्या, ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या देवदेवतांत. त्या दिवशी चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून मोदकपात्रात पुरणाची दिंडं उकडत आहेत, आणि तुम्ही ओट्याला टेकून मला लिथुआनियातल्या शेतकऱ्यांची गोष्ट सांगताय. त्यांच्या घरात चुलीजवळ साप असायचा, त्याच्यापुढे दूध ठेवायचे, त्याला मारलं तर घर बसलं असं मानायचे. मी शहाणपणाने म्हणते, “पण बाई, साप दूध पीत नाही.” तुम्ही झाकण उघडून वाफ बघता आणि म्हणता, “अगं, ते त्यांनाही कळत असेल. तरी ठेवायचे ना?” मग बल्गेरियातला गावाचा राखणदार ड्रॅगन सांगितलात, जो गारपीट आणणाऱ्या दुसऱ्या ड्रॅगनशी आभाळात लढतो आणि पिकं वाचवतो. पोरं वीज चमकली की म्हणतात, आपला लढतोय. तुम्ही हे असं सांगायचात जसं काही तुमच्या माहेरच्या गावचं.

आणि तुमचा तो ओरडा. भाल्याने ड्रॅगनला मारणाऱ्या संताच्या चित्रावर मी निबंध लिहिला होता, सत्प्रवृत्तीचा विजय वगैरे. तुम्ही तो सगळ्या वर्गासमोर बाजूला ठेवलात. “घोड्यावरच्या माणसाबद्दल दोन पानं आणि खाली पडलेल्याबद्दल एक ओळ? तो कोण होता, कुणाच्या घरचा होता, विचारलंस का?” तुमचं म्हणणं असं, की चुलीजवळचा तो गरीब साप धर्मोपदेशकांनी घराबाहेर काढायला लावला, आणि एकदा बाहेर काढल्यावर त्याला पंख फुटले, तोंडातून आग यायला लागली. मी रडले होते. संध्याकाळी तुम्ही मला तुमची जुनी काश्मिरी शाल दिलीत आणि म्हणालात, “थंडीच्या देशात जाशील कधीतरी.”

ह्या वसंतात मी मुलीला तुमच्याकडचीच एक गोष्ट सांगितली: जर्मन खेड्यातली एक लहान मुलगी रोज अंगणात सापाबरोबर एका वाडग्यातून दूध पिते, आई ते बघून घाबरते आणि साप मारते, आणि त्यानंतर ती मुलगी झुरत जाते. मी मराठीत सांगते, ती जपानीत प्रश्न विचारते, असंच आमचं चालतं. दुसऱ्या आठवड्यात मी कामावरून परतले तर ती कोठाराच्या दारात उकिडवी बसलेली. पुढे वाटीत दूध. आणि वाटीच्या पलीकडे तो, माझ्या मनगटाएवढा जाड, हिरवट राखाडी, मान जरा उचललेली. ती त्याच्याशी कुजबुजत होती. मी तिला इतक्या जोरात ओढलं की तिचा खांदा दुखावला. ती रडत ओरडली, “मामा, बाका!” आई, मूर्ख आहेस.

त्या आठवड्यातच, आजी दवाखान्यात आणि मुलगी शाळेत गेलेली असताना मी साप पकडणाऱ्या माणसाला बोलावलं. हातमोजे घातलेला शांत माणूस होता. सापाने फारशी झटापट केली नाही. तुळईवरून तो अगदी सावकाश खाली आला, माणसांची सवय असलेल्यासारखा. नवरा संध्याकाळी म्हणाला, “बरं केलंस.”

मी घाबरून वाट बघत होते, बाई. मुलगी दोन-तीन दिवस वाटी ठेवत राहिली, मग मैत्रिणीकडे मांजरीला पिल्लं झाली आणि ती विसरली. झुरली वगैरे काही नाही, चांगली जेवते आहे. काहीतरी वाईट व्हायला हवं होतं असं आई म्हणून म्हणवत नाही, पण काहीच झालं नाही ह्याचंच मला ओझं झालं. फक्त आजी सकाळी कोठाराच्या दारात जरा जास्त वेळ उभ्या राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, “दिसत नाही हल्ली. माझे मिस्टर गेले त्या दिवशी तुळईवर होता, दिवसभर हलला नाही.” मी म्हटलं, “हो का.”

परवा राहवलं नाही म्हणून त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी चहा ओतला. “त्या माणसाची गाडी शेजारणीने बघितली होती,” त्या म्हणाल्या. “तुमची लेक लहान आहे, मला कळतं. तुम्ही सांगाल असं वाटत होतं.” मी जमिनीला डोकं टेकवून माफी मागितली. मग त्यांनी एवढंच विचारलं, “कुठे सोडला त्याला?”

मी म्हणाले, “त्सुकुबा डोंगराच्या पायथ्याशी. ओढा आहे तिथे.”

त्यांचा चेहरा असा उजळला, बाई. “पाणी आहे ना? मग बेडूक असतील. बरं झालं,” असं त्या स्वतःशीच दोनदा म्हणाल्या, आणि मला अंगणातल्या मुळ्याची भाजी बांधून दिली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून राहिलेलं सांगते. पिशवीचं तोंड बांधताना त्या माणसाने मला विचारलं होतं, “लांब नेऊन सोडायचा, की त्याचं काय करायचं ते आमचं आम्ही बघू?” सोडा, एवढा एकच शब्द म्हणायचा होता आणि तो मला जपानीत चांगला येतो. मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती. मी म्हणाले, “तुम्हाला सोयीचं असेल ते करा.”