फिल्टरमधलं पाणी

नंदाखाल,
६ ऑक्टोबर २०२४

ती. गॅब्रिएलदादास,
आग्नेसचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू नुसतं ‘हो, हो’ म्हणून ठेवून देतोस. म्हणून हे पत्र. शाळेत तीस वर्षं मुलांना पत्रलेखन शिकवलं, ते म्हातारपणी असं कामाला येतंय.

माझ्या स्टेफीचं लग्न सत्तावीस डिसेंबरला ठरलंय. पोरीने हट्ट धरलाय की देवळात जाईन तर पप्पांच्याच गाडीतून. रॉबर्ट गेल्यापासून दोन वर्षं गाडी आंब्याखाली उभी आहे. मेलरॉयला बहिणीचा हट्ट मोडवत नाही, म्हणून त्याने नवी बॅटरी घातली, जुनं डिझेल काढून ताजं भरलं. आता खूप वेळ सेल मारला की पांढरा धूर सोडत एकदाची चालू होते, दोनेक मिनिटं चालते आणि ॲक्सिलेटर दिला की बसते. बोळिंजचा एक गॅरेजवाला म्हणतो, डिझेल पंपच उतरवावा लागेल. मी म्हटलं, आमच्या दादाला विचारल्याशिवाय नटालाही हात लावायचा नाही.

आठवतं, याच गाडीतून आपण सोनचाफ्याच्या टोपल्या स्टेशनला न्यायचो? आई पुढच्या सीटवर रोझरी म्हणत बसायची आणि खड्डा आला की मध्येच तुला दम द्यायची. पुढे आठवडाभर गाडीला फुलांचा वास यायचा.

रॉबर्ट नाही, तेव्हा स्टेफीचा हात धरून तिला देवळात तूच न्यायचंस. पण त्या गाडीत तू बसशील का, हे तिने मला तीनदा विचारलं. तिला तूच कळव.

लोभ आहेच. पत्राचं उत्तर लवकर दिलंस तर वाढेल.

तुझी,
आग्नेस


नाशिक,
१२ ऑक्टोबर २०२४

चि. आग्नेस,
अ. उ. आ.

स्टेफीची बातमी वाचून फार आनंद झाला. मुलगा कोण, काय करतो, यातलं एक अक्षर नाही आणि धुराचा रंग मात्र बरोबर लिहिलास. मेकॅनिकची बहीण शोभतेस.

पंपाला हात लावू देऊ नका. आधी डिझेल पंपापर्यंत धड पोचतंय का ते बघायचं. फिल्टरच्या डोक्यावर हाताने दाबायचा छोटा पंप आहे. शेजारचा स्क्रू दोन आटे सैल करून मेलरॉयला तो दाबायला सांग. डिझेलबरोबर फेस आला आणि थांबेचना, तर कुठून तरी हवा शिरतेय. मग टाकीपासूनचा रबरी पाइप बोटांनी चाचपा, जुना रबर तडकतो.

दुसरं, फिल्टरच्या बुडाचा नट सोडून जे निघेल ते काचेच्या बरणीत घ्या आणि सकाळपर्यंत हलवू नका. पाणी असलं तर तळाला बसेल, डिझेल वर राहील. पाणी जड असतं आणि टाकीतला पाइप तळातूनच ओढतो. कपभर पाणीसुद्धा चालती गाडी रस्त्यात बसवतं.

हे मला कुणी शिकवायला नको. आईला बघायला आपण इस्पितळात निघालो त्या सकाळी वाडीतल्या पाण्याच्या पंपाचा डिझेलचा कॅन मी टाकीत ओतला. आदल्या दिवशी तो पावसात उघडा राहिला होता, हे माहीत असून ओतला. निर्मळच्या पुढे गाडी बसली, मी फिल्टर खोलून पाणी काढेपर्यंत पाऊण तास गेला आणि आई दहा मिनिटांपूर्वी गेलेली. ती शेवटी माझंच नाव घेत होती, असं नर्स म्हणाली. आयुष्यभर डेपोत दुसऱ्यांच्या गाड्या वेळेवर सोडल्या आणि स्वतःच्या आईपाशी पोचलो नाही. त्यानंतर त्या गाडीत बसलो नाही, नंदाखाललाही आलो नाही. लग्नाला एसटीने येईन, स्टँडवरून देवळात चालत जाईन. स्टेफीला सांग, रागावू नकोस.

सर्वांना आशीर्वाद. माझ्यावरची माया आहे तेवढी पुरे.

तुझा,
दादा


नंदाखाल,
२१ ऑक्टोबर २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसंच निघालं. फेस थांबेचना. टाकीजवळ पाइपला नखभर चीर होती. मेलरॉयने नवा पाइप घातला, आणि काल पहिल्या सेलला गाडी चालू झाली. स्टेफी अंगणात नाचली. मुलगा गास गावचा आहे, डेन्झिल नाव, बँकेत आहे, तुझ्याइतकाच कमी बोलतो.

बरणीतलं डिझेलही स्वच्छ निघालं. पण ती बरणी पुढ्यात घेऊन मी तुझं पत्र चारदा वाचलं. दादा, कपभर पाण्याने गाडी बसते हे मला आजवर ठाऊक नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

त्या सकाळी कॅन ओतून तू हात धुवायला विहिरीवर गेलास. टाकीचं झाकण बॉनेटवर ठेवलेलं. आई घरात जिथे प्रार्थना करायची त्या अल्ताराजवळची पवित्र पाण्याची बाटली मी आणली होती, गाडीवर शिंपडायला. फादर गाड्यांवर शिंपडतात ते मला नेहमी वरवरचं वाटायचं. टाकी उघडी दिसली, वाटलं, आतूनच आशीर्वाद मिळू दे, आपल्याला वेळेवर पोचू दे. अख्खी बाटली ओतली आणि झाकण लावलं. तू परत आलास, झाकण लावलेलं बघून मला शाबासकी दिलीस.

अकरा वर्षं तू स्वतःला दोष देत बसलास आणि तो माझा होता. तू घर सोडून राहिलास याची तक्रारही मीच सगळ्यांपाशी केली. आता काय लिहू? तू रागावलास तर ते रास्त आहे. फक्त लग्नाला ये, चालत का होईना.

लोभ ठेव असं म्हणायला आज जीभ रेटत नाही.

आग्नेस


नाशिक,
९ नोव्हेंबर २०२४

चि. आग्नेस,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. राग आला होता. जेवण जाईना, सुनेला सांगितलं पित्त झालंय. दोन पत्रं लिहून फाडली, ती तू वाचली नाहीस हे बरं झालं.

खोटं सांगून तुझी समजूत घालणार नाही, ते मला जमत नाही. तुझ्या बाटलीतलं पाणी गाडी बसवायला पुरेसं होतं. माझ्या कॅनमधलंही पुरेसं होतं. त्या दिवशी रस्त्यावर फिल्टर खोलला तेव्हा ओंजळभर पाणी माझ्या हातावर पडलं. त्यात कॅनमधल्या पावसाचं किती आणि आईच्या अल्ताराचं किती, हे जगातला कुठलाही मेकॅनिक सांगू शकणार नाही. मी ते शर्टाला पुसलं आणि सगळं माझंच मानलं.

तू पोचायला उशीर व्हावा म्हणून ओतलं नाहीस. मीही नाही. दोघांनाही घाई होती, कारण दोघांनाही ती हवी होती. एवढं समजायला मला तुझं पत्र लागलं.

स्टेफीला सांग, मी वीस डिसेंबरलाच येतो. गाडी मी चालवीन, मेलरॉयने मागे बसावं. लग्नाच्या आदल्या दिवशी तू आणि मी गाडी घेऊन आईच्या कबरीवर जाऊन येऊ. अकरा वर्षं हे मी एकट्याने वाहिलं, आग्नेस. आता अर्धं तू घे.

माया होती तशीच आहे, ती कुठे जात नाही.

तुझाच,
दादा