मॅट्रिकचा नवस

५ फेब्रुवारी १९७३
नगरच्या सैनिकी ऑफिसचा कागद आला. मनकर्णेला मिळणारी मदत ती मॅट्रिक पास होताच बंद! नापास झाली आणि शाळेत नाव राहिलं, तर अठरा पुरी होईपर्यंत चालू. दोनदा वाचलं.

तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ श्रीमंत, पासष्टच्या लढाईत गेला, वहिनी वर्षभरात त्याच्यामागे. तेव्हापासून पोरगी माझ्याकडे. गावात म्हणतात, गुरुजींनी भावाची पोर सांभाळली. कसली सांभाळली! घरावरचे पत्रे तिच्या मनीऑर्डरीचे, रेडिओ तिच्या मनीऑर्डरीचा. हे इथंच लिहितो, बाहेर बोलणार नाही.

जन्मतारीख १ जून. मीच घातलेली. शाळेत नाव घालताना गावातल्या सगळ्याच पोरांना १ जून लावतो, हिचं वयही वर्षानं कमी लावलं. म्हणजे कागदावर अठरा व्हायला अजून दोन वर्षांहून जास्त. अडचण एकच — पोरगी हुशार आहे.

१९ फेब्रुवारी
पाथर्डीला मनकर्णेच्या हायस्कूलचे हेडमास्तर भेटले. "गुरुजी, पोरगी पहिल्या वर्गात येणार बघा!" मी हसलो. दात दाखवायला काय जातं?

२७ फेब्रुवारी
बायकोनं, साळूबाईनं, जेवताना विचारलं, पास झाल्यावर पोरीचं पुढं काय? सांगितलं — ऊसतोडीच्या मुकादमाचा भाऊ आहे, कारभारी नावाचा, त्याला देऊन टाकू. बायको मेलीय त्याची. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला हंगामाची आगाऊ उचल कोण देणार? त्याला बाई पाहिजे. वय चाळीस, पण हातपाय धड आहेत.

पोरगी तिथंच भाकरी थापत होती. मुद्दाम तिच्या देखत बोललो! धसका घेतला म्हणजे पुस्तकातनं लक्ष उडेल.

साळूबाई म्हणाली, "आवं, आयबाप न्हाईत तिला." म्हटलं, म्हणूनच तर विचारायला कोणी येत नाही.

१२ मार्च
घरात रॉकेल नाही असं सांगितलं. डबा कणगीमागे भरलेला आहे. दिवसभर टँकरच्या रांगेत तिलाच उभी करतो. तरी हंड्यावर पुस्तक टेकवून वाचते! बापही असाच हट्टी होता.

२३ मार्च, रंगपंचमी
मढीला जाऊन आलो. गर्दीत रेटारेटी, सदरा फाटला. कानिफनाथांपुढे हात जोडून नवस बोललो — मनकर्णा मॅट्रिकला नापास होऊ दे, पाच किलो रेवडी वाटीन. लोक पोरं मागतात, पाऊस मागतात. मी फार काही मागितलं नाही.

शेजारी आमच्या गावचा गहिनीनाथ उभा. त्याला 'मनकर्णा', 'मॅट्रिक' आणि 'रेवडी' एवढंच ऐकू गेलं.

२४ मार्च
गहिनीनाथानं गावभर केलं. पारावर म्हाताऱ्यांनी उठून जागा दिली. "पुतनीसाटी नवस! आसा चुलता मिळाया नशीब लागतं." मान खाली घालून ऐकून घेतलं.

संध्याकाळी पोरगी पाया पडली. "नाना, माज्या मॅट्रिकसाटी नवस बोलला तुमी?"

"व्हय," म्हटलं. यात खोटं काय आहे?

३० मार्च
आज गणित. परत आली, तांब्याभर पाणी प्यायली. पेपर कसा गेला? "बरा." हंडा घेऊन टँकरच्या रांगेत गेली.

९ जून
नापास! गणितात गेली. साळूबाई पदर डोळ्याला लावून बसली. मीही तोंड पाडलं, जेवलो नाही (दुपारी शाळेत डबा खाल्ला होता).

गहिनीनाथ समजूत घालायला आला. "गुरुजी, नाथानं आयकलं न्हाई तुमचं." ऐकलं रे बाबा, शब्दन् शब्द ऐकलं!

११ जून
शाळेत नाव ठेवलं. ऑक्टोबरचा फॉर्म भरला. नगरला तसं कळवलं. आज रेडिओ जरा मोठ्यानं लावला.

१६ जून
हेडमास्तर बाजारात भेटले. चेहरा उतरलेला. बाकी सगळ्या विषयांत पहिला वर्ग, म्हणाले. गणितात शून्य. "पेपरवर देखरेखीला होते ते मास्तर सांगत होते, तीन तास हात मांडीवर ठेवून बसून होती. नंबर लिहिला, दुसरं काही नाही. घरी काही झालं होतं का?"

नाही म्हणालो. घरी येईपर्यंत दोन ठिकाणी ठेचकाळलो.

१७ जून
पेपर कोरा का दिलास, विचारलं. तव्यावरची भाकरी उलटत तिनं सांगितलं, "नगरचा कागद वाचला म्या. पास झाले आसते तर पैसं थांबलं आसतं, आन् तुमी मला कारभाऱ्याकडं धाडलं आसतं. आक्टोबरलाबी कोराच देनार. आठरा हुईस्तवर दर येळी. पैसं येत्यात तवर ठिवाल का न्हाई मला?"

तिनं गरम भाकरी ताटात वाढली, मी खाल्ली. खरं लिहितो — पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की चला, दोन वर्षांची सोय झाली.