अनुस्वार राहिलेला निरोप

मंगळ., ४ फेब्रु.
इथल्या मराठी मंडळाच्या वधू-वर साइटचं काम शेवटी माझ्याच गळ्यात पडलं. आधीचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला. दे. काका, म्हणजे मंडळाचे चिटणीस आणि बाबांचे रेल्वेतले सोबती, अख्खा डेटाबेस पेन ड्राइव्हवर देऊन गेले. "घरचंच काम आहे, करून टाक." घरी सांगितलं नाही. फुकटचं काम घेतलं म्हटल्यावर आई डोकं खाईल.

बुध., ५
साइट लॅपटॉपवर चालू केली. डेटाबेस उघडला. साइटवर जे झाकलेलं असतं ते इथे सगळं उघडं: नंबर, पत्रिका, कोणी कोणाला नाही म्हटलं. काम म्हणून बघायला लागलो आणि मग नुसताच वाचत बसलो. आमच्या पुरानी बस्तीतली निम्मी घरं ओळखीची. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

मग ताईचं नाव आलं.

आपली ताई. तीन वर्षांपूर्वी तिने सर्वांसमोर सांगितलं होतं, आता माझ्या लग्नाचा विषय बंद. आणि इथे स्वतः नाव नोंदवलंय. अपेक्षा: "बोलणारा असावा." फोनची वेळ: संध्याकाळी सहानंतर. म्हणजे अभनपूरच्या राईस मिलमधून परतीच्या बसमध्ये असते तेव्हा. खाली सूचना: "घरी कळवू नये."

लॅपटॉप बंद केला. जेवताना तिच्याकडे बघवेना. ती म्हणाली, "काहून रे, भाजी खारट झाली का?"

गुरु., ६
पुन्हा पाहिलं. नको होतं पाहायला.

कोणी कोणाचं स्थळ उघडून बघितलं याचंही एक टेबल आहे. ताई एकाच माणसाचं स्थळ पुन्हा पुन्हा उघडते. वर्धा, शाळेत चित्रकला शिकवतो, बायको वारली, मूल नाही. उघडते, आणि 'पसंती कळवा' कधीच दाबत नाही.

शुक्र., ७
हातून झालं ते लिहून ठेवतो.

पसंतीचं बटण चालतं का ते बघायचं होतं. दोन खोटी नावं भरायला किती वेळ लागला असता? आळस. एका बाजूला ताई घेतली, दुसऱ्या बाजूला तो वर्ध्याचा. निरोपाच्या चौकटीत 'हव'. लोक चाचणीला abc लिहितात, मी हव लिहितो. पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, पोरांत वाढल्यावर 'हो'ऐवजी इकडचं 'हव'च तोंडात येतं, आई अजून त्यावरून चिडते. बटण दाबलं. चाललं.

डेटाबेस लॅपटॉपवरची प्रत होती, पण मेसेज पाठवायची किल्ली, म्हणजे कोड, खऱ्या साइटचाच. तो मी बदललाच नव्हता. मेसेज वर्ध्याला पोचला, ताईच्या नावाने.

 दुसरा मेसेज पाठवायचा का, चुकून गेला म्हणून? म्हणजे ताईनेच आधी हो म्हणून मग नाही म्हटल्यासारखं होणार. काही केलं नाही. बसून राहिलो.

शनि., ८
त्याचं उत्तर आलं. खऱ्या साइटवर जाऊन बघितलं, आता काय राहिलंय बघायचं.

"तुम्ही एवढंच लिहिलंत, हवं. अनुस्वार घाईत राहिला असावा. इतकं सरळ कोणी लिहीत नाही. मलाही बोलायला आवडेल."

आमचा बोलण्यातला हव लिहिलेला कोण ओळखणार.

ताईने अजून उघडलं नव्हतं. मला ते पुसता आलं असतं, कोणाला कळलंही नसतं. रश्मीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमने जानबूझकर किया क्या?" आमचं दोघांचं लग्नाचं ठरलंय, ताईचं व्हायचं म्हणून थांबलंय. मी नाही म्हणालो. मग फोन ठेवल्यावर विचार केला. एवढ्या नावांतून हीच दोन का घेतली? खरंच माहीत नाही. लाज वाटते आहे.

पुसलं नाही. पण ते धीर होता म्हणून नाही. हात चालेना.

मंगळ., ११
ताई बसमधून उतरून घरी आली ती थेट आत. चहा नको म्हणाली. आई म्हणाली, ऑफिसात काही झालं असेल, राईस मिलचा मालक खेकसतो. मी मान डोलावली. मान डोलावतानाही खोटं बोलता येतं.

गुरु., १३
मंडळात गेलो. दे. काका सहज म्हणाले की एका मुलीचा फोन आला होता, तिच्या नावाने निरोप कोणी पाठवला असं विचारत होती. मुलीचं नाव त्यांना ठाऊक असणारच, पण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नवीन पोट्टा काम करून राहिला, तुमच्याच पाऱ्यातला. झाली असन चूक. तिले म्हटलं, पुसून टाकू का? तर म्हणे, थांबा."

घरी यायला मुद्दाम उशीर केला.

रवि., १६
आई-बाबा देवळात गेले होते. मी लॅपटॉपवरची प्रत काढून टाकत होतो. ताई मटार सोलत समोर येऊन बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग मटारकडे बघत म्हणाली,

"हव आणि हवं, किती फरक आहे रे?"

मी म्हटलं, एका टिंबाचा.

"तो रोज फोन करते. बसमध्ये. मी काय लिहिलं होतं ते त्याले लय आवडलं म्हणे." एक शेंग सोलली. "मी तर काहीच लिहिलं नव्हतं. मले त्याले सांगा लागन ना?"

आता सांगायचं, असं मनात म्हटलं. तोंड उघडलं. ती माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, पण हसूनही नाही. तिला सगळं ठाऊक आहे, का ती मला खरंच विचारते आहे, अजून कळत नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला. रविवार, बस नाही, संध्याकाळचे सहाही नाहीत.

ती मटाराचं ताट माझ्या मांडीवर ठेवून गच्चीवर गेली. मी सोलत बसलो. खाली येईल तेव्हा सांगेन, असं ठरवलं. मटार संपले, आई-बाबा परत आले. ती अजून वरच आहे.